डब्यातला आवाज

मोज्यांच्या कारखान्यात तिला सगळे चेकरबाई म्हणत. जन्मभर तिने एकच काम केलं होतं. पट्ट्यावरून येणारा मोजा हातावर चढवायचा, उजेडात धरायचा, सुटलेला टाका शोधायचा आणि जोडी जुळत नसेल तर बाजूला टाकायची. हे काम तोंड मिटून होतं आणि ते तिच्या पथ्यावर पडायचं. घरात बोलण्याचं खातं नवऱ्याकडे होतं.

नवरा मेकॅनिक. रेडिओ, टीव्ही, मिक्सर, काय वाटेल ते दुरुस्त करायचा. दुकान म्हणजे जिन्याखाली एक फळी आणि एक स्टूल, पण गप्पा अशा की माणसं दुरुस्त झालेला रेडिओ मांडीवर घेऊन तिथंच बसून राहायची आणि घाईचं गिऱ्हाईक कंटाळून दुसरीकडे जायचं. दोघांची ओळखही आवाजावरूनच झाली. कारखान्यातला लाउडस्पीकर बिघडला म्हणून त्याला बोलावलं होतं. तो माइक हातात घेऊन "चेक, चेक" म्हणाला तसं तपासणीच्या टेबलावरच्या सगळ्या बायका फिदीफिदी हसल्या. ही एकटी हातातला मोजा विसरून स्पीकरकडे बघत राहिली. पुढे लग्न झालं, मुलगी झाली, ती शिकून दूर नोकरीला गेली, तरी तो बायकोला चेकरच म्हणायचा.

आता तो बोलत नव्हता. दीड वर्षापूर्वी दुकानातल्या स्टुलावरून कोसळला, तो उठलाच नाही. हातपाय गेले, जीभ गेली. "डोकं शाबूत आहे, त्यांना सगळं समजतं," असं डॉक्टरांनी चांगली बातमी सांगावी तसं सांगितलं. समजतं सगळं आणि बाहेर काही येत नाही, यात चांगलं काय, हे चेकरबाईला तेव्हाही कळलं नाही आणि नंतरही नाही.

डाव्या हाताचं एक बोट तेवढं वरखाली व्हायचं. तिने त्याच्याच हत्यारांच्या पेटीतून एक लोखंडी नट शोधला, त्या बोटात अंगठीसारखा चढवला आणि हात खाटेच्या दांडीवर ठेवला. एक टक म्हणजे हो. दोन म्हणजे नाही. तीन म्हणजे इकडे ये. स्वयंपाकघरात नळ सुरू असला तरी ते ऐकू यायचं.

शब्दसुद्धा काढता यायचे, पण त्यात दोघांचेही प्राण कंठाशी यायचे. ती विचारायची, "क-ची ओळ? च-ची? ट-ची?" टक झालं की त्या ओळीतलं एकेक अक्षर. मग पुढचं. शब्द पुरा होईपर्यंत त्याच्या कपाळावर घाम जमायचा आणि बोट गळून पडायचं. म्हणून रोजचा कारभार हो-नाहीवरच चालायचा. ज्या माणसाने उभ्या जन्मात एका शब्दाच्या जागी दहा वापरले, त्याच्यावर ही वेळ यावी!

खाट पुढच्या खोलीत टीव्हीसमोर होती आणि टीव्हीखाली डबा होता. डबा म्हणजे त्याने धडधाकट असताना बनवलेला कम्प्युटर. कुठल्याशा ऑफिसाने भंगारात काढलेला. त्याने तो उघडला, झाडला, लाकडी पेटीत बसवला आणि त्यात लिनक्स नावाची, कम्प्युटर चालवणारी व्यवस्था घातली. तीही पुरी नाही, नेमकी लागेल तेवढीच. बटण दाबलं की समोर चित्रपटांची यादी. बाकी काही नाही. जाहिरात नाही, पासवर्ड नाही, मधेच येऊन काही विचारणं नाही. "चेकर, यंत्रात नको ते भरलं की हवं ते रुसून बसतं," असं तो म्हणायचा. स्वतःच्या बोलण्याला त्याने हा नियम कधी लावला नाही.

डब्यात दोन डिस्क होत्या. छोटीवर ही व्यवस्था. मोठीवर चित्रपट, आणि चित्रपटांच्या खाली एका कप्प्यात घरचं चित्रण. मुलगी लहान असताना त्याने एक जुना कॅमेरा दुरुस्त करून स्वतःलाच ठेवून घेतला होता. त्यात मुलगी होती, चेकरबाई होती, मागचं अंगण होतं, शेजाऱ्यांची मांजरसुद्धा होती. तो एकाही चित्रात नव्हता, कारण कॅमेरा त्याच्या हातात असायचा. त्याचा फक्त आवाज होता. अखंड, वाहत्या नळासारखा. जगात दुसरीकडे कुठंही तो आवाज साठवलेला नव्हता.

हे तिच्या ध्यानात आलं ते कारखान्यात. तपासणीच्या टेबलावर कुणीतरी मागून "चेकर" अशी हाक मारली. ती वळली, आणि वळता वळता तिने मनात त्याची हाक ऐकायचा प्रयत्न केला. आली नाही. शब्द आठवत होते, आवाज येत नव्हता. तिने पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा. हातावर मोजा तसाच चढवलेला आणि पट्टा पुढे चाललेला. दीड वर्षात ती कितीदा रडली असेल, पण त्या दिवशी तिची पाचावर धारण बसली. घरी जाऊन आधी डबा लावायचा आणि ऐकायचं, एवढंच तिने ठरवलं.

घरी आली, दिवसभर त्याच्यापाशी बसणाऱ्या शेजारणीला निरोप दिला, बटण दाबलं. डब्याने खर्र केलं आणि गप्प झाला. पुन्हा दाबलं. पडदा काळा. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात. इथे दैवाने आधी काही दिलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती डबा पिशवीत घालून कम्प्युटरच्या दुकानात गेली. दुकानदार जाणता माणूस, चष्मा कपाळावर. त्याने सांगितलं, छोटी डिस्क गेली. तिच्या जागी दुसरी टाकली आणि सगळ्यांकडे असते ती नेहमीची व्यवस्था तिच्यावर चढवली. डबा सुरू झाला, पण नव्या सुनेच्या अंगावर सगळ्या घराचं काम टाकावं तसा धापा टाकायला लागला. मग त्याने मोठी डिस्क जोडली. पडद्यावर एक चौकट आली.

"ताई, ही कोरी आहे," दुकानदार म्हणाला. "फॉरमॅट करा म्हणतंय. मारू?"

"कोरी कशी असेल? भरलेली आहे ती."

"इथे तर काही दिसत नाही. मारतो, म्हणजे निदान वापरता येईल."

चेकरबाईने उलटून बघितल्याशिवाय आजवर एकही मोजा टाकून दिला नव्हता. तिने त्याच्या हाताखालून डिस्क ओढून घेतली, तार लोंबकळत होती तशीच, आणि पदरात गुंडाळली. दुकानदार बघतच राहिला. घरापर्यंत ती चालली की पळाली, हे तिलाच माहीत.

खाटेजवळ बसून तिने विचारलं, "अहो, दुकानदार म्हणतो ही कोरी आहे. पुसली गेली का सगळी?"

टक टक.

"आहे त्यात सगळं?"

टक.

"मग त्याला का दिसत नाही?"

मग ओळी. य-ची ओळ, ल. त-ची ओळ, न. क. मग स. लिनक्सने लिहिलेलं लिनक्सलाच वाचता येतं, एवढीच गोष्ट होती. दुकानदाराच्या यंत्राला ते वाचता येईना म्हणून त्याने कोरं म्हणून टाकलं. जगाची रीतच आहे ही. खाटेवरच्या माणसाला भेटायला येणारेही त्याच्या डोक्यावरून तिच्याशीच बोलत, "यांना काही कळतं का हो?"

धाकट्या दिराला बोलावलं. येताना दुकानात राहिलेला डबाही त्याने आणला. दीर म्हणजे उंटावरचा शहाणा, पण मनाने वाईट नव्हता.

"वहिनी, कशाला या भानगडीत पडता? नवा टीव्ही घ्या. बटण दाबलं की सगळं जग समोर."

"त्यात हे असतील का?"

"कोण हे?"

तिने खाटेकडे बघितलं. दीर दोन्ही डिस्क जोडून कामाला लागला. पेन ड्राइव्हवर लिनक्स आणलं होतं त्याने, तेही चांगलं सजलेलं, रंगीत, शंभर चित्रांचं. डबा सुरू केला. यंत्राने विचारलं, कोणत्या डिस्कवर चढवू?

"दोन दाखवतंय," दीर म्हणाला. "मोठी घेऊ, ऐसपैस जागा आहे."

टक टक. टक टक. टक टक टक. नट दांडीवर असा आपटत होता की शेजारीण दारात आली.

"भावजी, हात काढा!" चेकरबाई ओरडली. लग्नानंतर ती पहिल्यांदाच ओरडली असेल. "तीच ती डिस्क आहे! काढा हात!"

दिराने हात काढला, आणि पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवून पायांत चपलाही घातल्या. "मी आपला मदतीला आलो होतो. दादाचा डबा तो, दादालाच ठाऊक. करा तुमचं तुम्ही." त्याचंही खरंच होतं. चांगलं करायला आला आणि शिव्या खाऊन गेला.

दार लागलं. आगीतून उठून फुफाट्यात. एकाला कोरी दिसते, दुसरा पुसायला निघतो. ज्याला सगळं येतं त्याला बोलता येत नाही, आणि जिला बोलता येतं तिला काही येत नाही. त्या दिवशी दोघांनाही जेवण गेलं नाही. ती त्याला भरवत होती, तो तोंड उघडत नव्हता. शेवटी वाटी खाली ठेवून ती म्हणाली, "मला नाही जमणार हो. मी मोजे बघणारी बाई."

टक टक.

"काय नाही? जमेल म्हणता?"

टक.

त्यानंतरचे रविवार असे गेले की घरात डाळ शिजली की करपली याचा पत्ता नसायचा. मुलगी फोनवर. तिने दुसरं लिनक्स शोधलं होतं, बोडकं, काळ्या पडद्याचं. ती तिकडून वाचून सांगायची, चेकरबाई इकडे पडदा वाचून दाखवायची, आणि मधे नट. सुरुवातीलाच त्याने एक शब्द काढायला लावला, "काढ". काय काढू? टीव्ही? टक टक. मोठी डिस्क? टक. मग तिच्या ध्यानात आलं. मोठी डिस्क डब्याला जोडलेलीच नसेल तर चुकूनही पुसली जायची नाही. तिने तार उपटली आणि डिस्क त्याच्या उशाखाली ठेवली. तिथून ती कोण नेणार?

एका पडद्यावर लांबलचक यादी आली. यातलं काय काय हवं, असं यंत्र विचारत होतं.

"हे हवं?" टक टक. "हे?" टक टक. "हे तरी?" टक टक. सगळ्याला नाही. मुलगी फोनवर हसली, "बाबा बदलले नाहीत गं आई." चेकरबाईलाही क्षणभर हसू आलं. यादी पुरी रिकामी ठेवून तिने पुढे जायचं बटण दाबलं.

काम संपलं तेव्हा पडदा काळाकुट्ट आणि कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकत होती. ती त्या रेघेकडे बघत राहिली. इतकी मरमर करून पुन्हा काळंच.

"गेलं ना सगळं?"

टक टक.

"मग? हे... हे झालं म्हणायचं?"

टक. आणि त्याच्या डोळ्यांच्या कडेला कितीतरी दिवसांनी सुरकुती पडली.

पुढचं मुलीने सांगितलं. चित्र दाखवणारं एक साधन घाल, ही ओळ लिही, ती ओळ लिही. चेकरबाईने अक्षर न् अक्षर सुटलेला टाका शोधावा तसं तपासलं. चुका झाल्या, पुन्हा केलं. नाकी नऊ आले, तरी केलं. शेवटी उशाखालची डिस्क काढून जोडली, बटण दाबलं आणि समोर यादी आली, पूर्वी यायची तशीच. तिने चित्रपट सोडून खालचा कप्पा उघडला. पहिलंच चित्रण लावलं.

अंगण. मुलगी बादलीत पाय बुडवून बसलेली. मागे दोरीवर कपडे वाळत घालणारी ती स्वतः, केस काळेभोर. वळून बघते, कपाळाला आठ्या, कॅमेऱ्याकडे हात झटकते. मुलगी हसते. सगळं अगदी मुकं. आवाज नव्हता.

तिने टीव्हीचा आवाज वाढवला. टोकापर्यंत वाढवला. दुसरं चित्रण लावलं, तिसरं. मुकंच. आणि ज्या चित्रणात तो फक्त आवाजच होता, त्यात आवाज नाही म्हणजे तो कुठंच नव्हता. अंगण होतं, मांजर होती, तो नव्हता.

"अहो, आवाज येत नाही."

काही नाही.

"आवाजाचं काहीतरी घालायचं राहिलं. काय करू?"

टक टक.

"नाही म्हणजे? तुम्हाला माहीत नाही?"

टक टक.

"माहीत आहे?"

टक.

"मग सांगा ना! क-ची ओळ? च-ची? ट-ची? त-ची?" ती शेवटच्या ओळीपर्यंत गेली. पुन्हा पहिल्यापासून गेली. बोट दांडीवर नुसतं पडून होतं. तो टीव्हीकडे बघत होता, अंगणाकडे.

तेव्हा तिला राग आला, आणि तो तिने गिळला नाही. "यादीतही सगळ्याला नाही म्हणालात, मी ऐकलं. नको ते काढ, नको ते काढ. हे नको ते आहे का? दीड वर्ष मी एकटी बोलतेय या घरात! भिंतींशी बोलतेय! मला तुमचा आवाज आठवत नाही, कळतंय का तुम्हाला? आठवत नाही मला!"

टक टक, तो म्हणाला. आणि डोळे मिटले.

तिने ठरवलं, याला विचारायचंच नाही. त्याचा जुना हट्ट, यंत्रात कमीत कमी भरायचं. आता तो हट्ट तिच्या मुळावर आला होता. पुढच्या रविवारी दुपारी तिने खुर्ची अशी ओढली की तिची पाठ खाटेकडे आली, आणि मुलीला फोन लावला. मुलीने एक छोटंसं साधन घालायला सांगितलं. मग एक शब्द लिहायला सांगितला. पडद्यावर उभे खांब आले, आणि प्रत्येक खांबाखाली इंग्रजी एम, दोन-दोन.

"आई, हेच ते! याचा अर्थ आवाज दाबलेला आहे. नवीन घातलं की तो आपणहून दाबलेलाच येतो म्हणे. तू एम दाब."

"एवढंच?"

"एवढंच."

एवढंच होतं, आणि मेकॅनिकला ते ठाऊक होतं. एक अक्षर. प-च्या ओळीतलं शेवटचं, म. ते त्याने दिलं नव्हतं. हा विचार तिच्या मनात आला, पण टिकला नाही, कारण बोट दाबूनही झालं होतं. तिने फोन ठेवला आणि अंगण लावलं.

"...अगं इकडे! इकडे बघ, चेकर! हस की जरा, हसायला पैसे पडत नाहीत. बघ पोरी, तुझी आई कशी बघते, मोज्यात भोक सापडल्यासारखी..."

खोली भरून गेली. तोच. जरासा घोगरा, शब्दाच्या शेवटी हसू दाबलेला. कसा विसरले, कशी विसरले मी, असं म्हणत तिने दोन्ही हात तोंडावर धरले आणि हमसून हमसून रडायला लागली. आनंद होता की काय होतं ते, कुणी विचारू नये.

आणि आवाज इतका मोठा होता की नट ऐकूच आला नाही. चित्रणातला तो श्वास घ्यायला थांबला तेव्हा आला. टक टक. टक टक. टक टक.

ती वळली. त्याने डोळे घट्ट आवळले होते आणि कडांतून पाणी कानांकडे वाहत होतं. तोंड किंचित उघडं, त्यातून काही येत नव्हतं. टक टक. टक टक. मागे टीव्हीवर तोच माणूस मनसोक्त बडबडत होता. कुणाचे पाय तोडावेत आणि त्यालाच खिडकीत बसवून रस्त्यावरची पळणारी माणसं दाखवावीत, तसं तिने केलं होतं. इतके दिवस त्याचं बोट दोनदा वाजत होतं, त्यात हट्ट नव्हता. भीती होती.

तिला तो आवाज हवा होता. अजूनही हवा होता, त्या क्षणीसुद्धा. बोट एमवर ठेवून ती उभी राहिली, एक वाक्य आणखी, अर्धं वाक्य आणखी. मग तिने दाबलं.

खोली पूर्वीसारखी मुकी झाली. नट थांबला.

पडद्यावर अंगण चालूच होतं. तिने खुर्ची फिरवली, खाटेला लावली, त्याचं तोंड पदराने पुसलं आणि कळफलक मांडीवर घेऊन बसली. मग पडद्याकडे बघत ती म्हणाली, "इथे तुम्ही म्हणालात, बादली सांडेल."

टक टक.

"नाही? मग... पोरी, पाय भिजव, पण डोकं नको."

जरा वेळाने, टक.

त्याने डोळे उघडले होते. ती पुढे बोलत राहिली, त्याचं बोलणं, तिच्या आवाजात. चुकली की दोन टक, जमली की एक. मांजर आली तेव्हा काय म्हणाला, तिने हात झटकला तेव्हा काय म्हणाला. मग पडद्यावरची ती एकदम घराकडे बघते आणि पळत सुटते. चुलीवर दूध होतं, ते उतू गेलं होतं, हे तिला लख्ख आठवलं. चौकटीत नुसती दोरी उरली, वाऱ्यावर हलणारे कपडे. कॅमेरा मात्र तिथंच रोखलेला.

"इथलं मला माहीत नाही," ती म्हणाली. "मी आत गेले होते. इथे बोललात काही?"

टक.

"काय?"

तिने ओळी म्हणायला सुरुवात केली. क-ची, च-ची, ट-ची. त-ला टक. त? थ? टक. मग पुन्हा पहिल्यापासून. प-ला टक. प, फ, ब. टक. बोट गळून दांडीवर पडलं.

"थांब?"

टक.

तो तेव्हा खरंच असं म्हणाला होता की आत्ता म्हणत होता, हे कळायला एक एम दाबायचा होता. कळफलक तिच्या मांडीवरच होता. तिने तो उचलून खाली जमिनीवर ठेवला, आणि नट घातलेला हात हातात घेऊन तिथंच बसून राहिली.